स्वखुशीचा राजीनामा

कारखान्याच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला पूर्वी काजूबिया वाळवायचं खळं होतं. आता तिथं काचेची एक खोली होती आणि दारावर पाटी होती, 'संवाद कक्ष'. मंदाकिनी शिरोडकरांना त्या पाटीची पहिल्या दिवसापासून किळस आली होती. लांजा तालुक्यातल्या या काजू कारखान्यात पस्तीस वर्षं त्या कल्याण अधिकारी होत्या. ज्या दारावर 'संवाद' असं लिहून ठेवावं लागतं, त्या दाराआड एकच बाजू बोलत असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांना इथं यावं लागे, कारण नवा कायदा तसं म्हणत होता. कामगाराचा राजीनामा घ्यायचा तर कंपनीच्या पगारावर नसलेला एक बाहेरचा साक्षीदार हवा. कामगार कार्यालयाने तालुक्यासाठी त्यांना नेमलं होतं. आणि साक्षीदाराच्या जोडीला हवं होतं संमतिमापक यंत्र.

राजीनाम्यांचे सगळे प्रकार मंदाकिनीबाईंनी पाहिले होते. कामावर घेतानाच कोऱ्या कागदावर अंगठा उठवून तो कपाटात ठेवणारे मालक पाहिले होते. 'हा लिही, नाहीतर चोरीचा आळ घे' म्हणणारे मुकादम पाहिले होते. गरोदर बाईला मुद्दाम भट्टीशेजारी उभी करायची, धुराने ओकून ओकून तिने आपणच काम सोडावं म्हणून वाट बघायची, हेही पाहिलं होतं. आणि त्या प्रत्येक कागदावर तेच एक वाक्य असे, 'मी माझ्या स्वखुशीने राजीनामा देत आहे.' त्या स्वखुशीवर थुंकायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं होतं. म्हणून सरकारची समिती रत्नागिरीला आली तेव्हा त्या दोन तास बोलल्या होत्या. कागद खोटं बोलतो, भ्यालेलं माणूसही खोटं बोलतं, तेव्हा माणसाच्या आत बघणारं काही निघालं असेल तर ते आणा, असं त्यांनी सांगितलं होतं.

ते निघालं होतं. कपाळाला एक पट्टा बांधायचा. त्यातून तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो आणि परत येतो. मेंदूच्या पुढच्या भागात रक्त कुठं धावतंय, ते त्यावरून कळतं. बोटाला लावलेली चिमटी घाम मोजते, समोरचा कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या मोजतो. माणूस धाकाने 'हो' म्हणतं तेव्हा या तिन्हींची चाल एक असते, मनापासून म्हणतं तेव्हा वेगळी. हजारो माणसांवर तपासून शास्त्रज्ञांनी त्याचा शंभरात आकडा बसवला होता. सत्तरच्या वर आला तर राजीनामा खरा, खाली आला तर तो कागद रद्दी. पहिल्या दोन वर्षांत या तालुक्यातले अकरा राजीनामे रद्दीत गेले होते, आणि त्या दोन वर्षांत मंदाकिनीबाईंना झोप चांगली लागत होती.

आज सोमवारी खुर्चीवर बसली होती श्रावणी गोताड.

"नाव सांगा," यंत्र चालवणाऱ्या मुलीने विचारलं.

"श्रावणी संदेश गोताड. प्रतवारी खातं."

"कुणी धमकी दिली? आमिष दाखवलं? औषध, दारू, काही घेतलंय?"

"नाय ओ. चहा घेतलाय फक्त," श्रावणी हसून म्हणाली.

"राजीनामा का देताय?" हा प्रश्न साक्षीदाराने विचारायचा असे. मंदाकिनीबाईंनी तो विचारला.

"पोरगी लहान आहे बाई. तिच्याजवळ राहावंसं वाटतंय."

आकडा आला एक्याण्णव.

मंदाकिनीबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. हीच श्रावणी पंधरा दिवसांपूर्वी बाजारात भेटली होती. नवरा गोव्याला बोटीवर, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि काजूगर निवडणारं नवं यंत्र कारखान्यात येऊन पडलेलं. तेव्हा ती म्हणाली होती, "मला उचलून बाहेर टाकतील तर टाकूंदे, माझ्या पायाने मी नाय जायची." कामगार समितीत तीच सगळ्यांच्या पुढे होती.

त्यात आकड्यांची एक गोम होती. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची तर आधी सरकारची परवानगी लागे. कारणं द्यावी लागत, सुनावणी होई, शेवटी आलेला आधी बाहेर हा क्रम पाळावा लागे. शंभराच्या आत आलं की महिन्याची नोटीस लावली आणि झालं. पंधरवड्यापूर्वी हजेरीपटावर एकशे तीन नावं होती. त्यानंतर तिघींनी स्वखुशीने राजीनामे दिले, त्या तिन्हींवर साक्षीदार म्हणून मंदाकिनीबाईंचीच सही होती. श्रावणी चौथी. ती गेली की उरले नव्व्याण्णव, आणि मग दिवाळीपर्यंत प्रतवारी खात्यात एकही बाई उरणार नव्हती.

"बाई, सही करताय ना?" मुलीने सहीची पाटी पुढे सरकवली.

"साक्षीदाराला संध्याकाळी पाचपर्यंत मुदत असते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तोवर हिला राजीनामा परतही घेता येतो. ते तू हिला वाचून दाखवायला हवं होतंस."

मुलीने ते कलम घाईघाईने वाचलं. श्रावणी उठली तशी मंदाकिनीबाई तिला हात द्यायला पुढे वाकल्या, आणि खुर्चीच्या पाठीशी त्यांचं नाक गेलं.

त्यांचं नाक साधं नव्हतं. पोतं न उघडता आतला गर खवट झालाय की नाही हे त्या सांगत. व्यापारी त्यांना बोलावून नेत. त्या खोलीत काच, रंग आणि एसी यांखेरीज कसला वास असायचं कारण नव्हतं. पण खुर्चीच्या डोकं टेकायच्या जागी, जिथं कापडाला सुईच्या अग्राएवढी भोकं होती, तिथं अगदी पुसट वास होता. वेखंड. खोबरेल. आणि त्या दोन्हींच्या मागे दूध पिऊन निजलेल्या तान्ह्या पोराच्या टाळूचा.

त्या बाहेर पडल्या आणि सरळ पाळणाघराकडे गेल्या.

हे पाळणाघर त्यांनी भांडून उभं केलं होतं. तीसच्या वर बायका कामाला असतील तर पाळणाघर द्यायलाच हवं, हे कलम त्यांनी जुन्या मालकांना इतक्या वेळा वाचून दाखवलं की शेवटी ते म्हणाले, बाई, घ्या ती गोदामाची खोली पण वाचणं थांबवा. पोरांच्या वस्तूंची अदलाबदल होऊन बायका भांडत, म्हणून प्रत्येक टोपड्याच्या आतल्या कडेला लाल दोऱ्याने नाव घालायची पद्धत त्यांचीच. पहिली शंभर नावं त्यांनी स्वतः घातली होती.

"शेवंती, पिहू गोताडचं टोपडं बघू," त्या म्हणाल्या.

शेवंतीमावशी पाळणाघरात तीस वर्षं आया होती. "तिचं आज सकाळीच धुवायला गेलंय."

"धुवायला? टोपडी तर घरी धुतात."

"नवीन नियम आहे ना बाई. दर सोमवारी ऑफिसातून माणूस येतो, अंगावरची टोपडी नेतो, मशिनमधी जंतू मारतात म्हणे. बुधवारी परत देतो." शेवंती जरा घुटमळली. "मी म्हटलं, धुतलेली न्या की. तर म्हणतो, नाय, वापरलेलीच पायजेत. आणि दोऱ्याचं नाव बघून यादी करतो. तुमची ती नावं बरी पडली बघा त्याला."

मंदाकिनीबाईंनी पाळण्याचा कठडा धरला. आत अकरा महिन्यांची पिहू बोडक्या डोक्याने निजली होती.

"आणि त्या तिघींची? शिंदे, मांडवकर, ती नवी मुल्लांची सून?"

"त्यांची आधीच्या दोन सोमवारी नेली."

निनाद शिवगण मनुष्यबळ खात्याचा प्रमुख होता. त्याच्या टेबलावर काजूची बरणी होती, भिंतीवर 'उत्तम नियोक्ता' अशी सन्मानचिन्हं होती. मंदाकिनीबाईंना बघून तो उठला, वाकून पाया पडला. त्याची आई सुनंदा बी फोडायला होती. हा याच पाळणाघरात वाढला होता, आणि दोन वर्षांचा असताना मंदाकिनीबाईंनी त्याच्या नाकातून काजूचा तुकडा काढला होता. ते त्यांना आज आठवायला नको होतं.

"खुर्चीत काय बसवलंयस?" त्यांनी विचारलं.

तो लपवील असं त्यांना वाटलं होतं. त्याने लपवलं नाही, उलट त्याचे डोळे चमकले. "तुमच्या लक्षात आलं? मी पैज लावली होती की कुणाच्याच येणार नाही. जाणवेल त्याच्या खालच्या मात्रेत सोडतो आम्ही. बसा ना बाई."

त्या उभ्याच राहिल्या.

"साधं शास्त्र आहे," तो म्हणाला. "आपण बघतो, ऐकतो, ते मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, तिथं त्याची छाननी होते. वासाला ती चौकी नाही. तो नाकातून थेट भावनेच्या भागात जातो. आणि बाळाच्या टाळूचा वास म्हणजे तीस-चाळीस रेणूंचं मिश्रण असतं, प्रत्येक बाळाचं निराळं. टोपड्याचा एक धागा घ्यायचा, गरम हवेने त्यातले रेणू सुटे करायचे, यंत्र त्यांची नावं आणि प्रमाण सांगतं. मग छपाईला जशा शाईच्या कुप्या असतात तशा रेणूंच्या कुप्या असतात, त्यातून तेच मिश्रण बनवायचं. आईला स्वतःच्या बाळाचा वास आला की मेंदूतला सुखाचा भाग उजळतो आणि भीतीचा मंदावतो. मग तुम्ही विचारा, घरी राहायचंय का? ती मनापासून हो म्हणते. खरंच मनापासून. आकडा उगाच नाही येत."

"लाज नाही वाटत?"

"बाई, कायद्यात धमकी आहे, आमिष आहे, औषध आणि दारू आहे. वास नाही. वकिलाचं लेखी मत घेतलंय मी. आम्ही कुणाला खोटं बोललो नाही, कुणाला हात लावला नाही. पूर्वीचे मालक बायकांना रडवून काढायचे. या हसत जातात. तुम्हीच सांगा, यात सुधारणा नाही?"

"तुझ्या आईला असं हसवून काढलं असतं तर?"

"आईला पाठदुखी झाली तेव्हा तिला कुणी हसवलंही नाही," निनाद शांतपणे म्हणाला. "तुम्ही होतात की तेव्हा."

त्या होत्या. तिच्या भरपाईसाठी लिहिलेला अर्ज तीन वर्षं फिरत राहिला आणि निकाल लागायच्या आधीच सुनंदा गेली. मंदाकिनीबाईंना किळस आली. याची, आपली, आणि त्या स्वच्छ, थंड, काहीच वास नसलेल्या खोलीची.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"कारण लिहावं लागेल. कामगार अधिकारी यंत्राची नोंद बघतील, एक्याण्णव. आणि मग तुमचं कारण बघतील, 'वेखंडाचा वास आला.' तुमचं वय एकाहत्तर." त्याने बरणीचं झाकण काढून बरणी पुढे केली. "तिने स्वतः राजीनामा मागे घेतला तर गोष्ट वेगळी. पण त्यालाही तेच यंत्र लागतं, मागे घेणंही स्वखुशीनेच हवं. तिला तसं मनापासून वाटायला हवं ना. ते कसं वाटवणार तुम्ही?"

जेवणाची सुट्टी झाली होती. कँटीनच्या टोकाच्या बाकावर श्रावणी डबा उघडून बसली होती. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. तिचा चेहरा मोकळा, निवांत होता. मंदाकिनीबाई समोर बसल्या.

"घ्या ना बाई, अर्धी भाकरी."

"नको ग. श्रावणी, काल रात्री काय ठरलं होतं तुझं?"

"काल? काल काय नव्हतं ठरलं. आज सकाळी त्यांनी त्या खोलीत बोलायला बोलावलं तर मी भांडायच्याच तयारीने गेली." ती हसली. "पण बसल्यावर कसं शांत शांत वाटलं. पिहू मांडीवर निजलीय असं. आणि म्हटलं, कशाला ही ओढाताण, तिचे हे दिवस काय परत येणारेत? कोणी सांगितलं नाय बाई, आतूनच आलं."

"घर कसं चालणार?"

"चालेल कायतरी. तुम्ही नका काळजी करू."

घड्याळात दीड वाजला होता. मंदाकिनीबाई समजावू शकल्या असत्या. उरलेल्या नव्व्याण्णव जणांचं काय होईल ते सांगता आलं असतं, सासूच्या औषधांची आठवण देता आली असती. पण त्या सगळ्याने मनात वाद उभा राहतो, आणि वाद चालू असलेल्या मनाचा आकडा पन्नास-साठच्या वर जात नाही. आठ वर्षं ते यंत्र बघून त्यांना तेवढं कळलं होतं. सत्तरच्या वर जायला मन एकाच बाजूला पूर्ण कललेलं लागतं. सुखाने कललं तरी चालतं, आणि शिसारीनेही.

"तुला जे आतून आलं ना," त्या म्हणाल्या, "ते आतून नव्हतं आलं. खुर्चीतून आलं होतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. टोपडं, धागा, गरम हवा, कुप्या. श्रावणीचा घास हातातच राहिला. आधी तिला पटेना. मग ती आठवू लागली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे तिथं माझ्या पिहूचा वास होता?"

"होता."

"त्यांनी बनवलेला?"

"हो."

मंदाकिनीबाईंनी तिचा चेहरा बघितला. धक्का होता, राग होता, पण अजून कुठंतरी ते सुख चिकटलेलं होतं. इथं थांबता आलं असतं. पुढचं सांगायची काही गरज नव्हती, आणि ते त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं, पण खोटं असण्याचं कारणही नव्हतं.

"बाटलीत भरून फडताळात ठेवलंय तिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वर चिठ्ठी, गोताड म्हणून. बरोबर जमलंय का ते बघायला कुणीतरी हुंगलं असेल. ते यंत्रवाले बाप्ये. एकदा नाही, चारदा. आणि ती बाटली संपणारी नाही, हवी तेव्हा परत भरता येते. तू कुठं दुसरीकडे कामाला लागलीस तर तिथं विकतीलही. तू कुठंही बसलीस आणि तुला पिहूचा वास आला, तर तो पिहूचा की त्यांचा, हे तुला कळणार नाही."

श्रावणीने भाकरी डब्यात टाकली. तोंडातला घास तिला गिळवेना. ती उठून मोरीकडे धावली, आणि कँटीनमधल्या सगळ्या बायका बघत असताना पोटातलं सगळं ओकून टाकलं. मंदाकिनीबाईंनी तिची पाठ चोळली. ओकारी थांबल्यावरही ती वाकलेलीच राहिली आणि तोंडाने श्वास घेत राहिली.

"चला," ती म्हणाली. "लिहायचं काय ते सांगा."

काचेच्या खोलीत बसायला मंदाकिनीबाईंनी साफ नकार दिला. यंत्र बाहेर उघड्या व्हरांड्यात आणावं लागलं. श्रावणी साध्या लाकडी स्टुलावर बसली. वारा होता, तो टाकलेल्या टरफलांचा कडवट वास घेऊन येत होता. मुलीने पट्टा बांधला, चिमटी लावली, तेच प्रश्न विचारले. धमकी नाही, आमिष नाही, औषध नाही.

"राजीनामा का मागे घेताय?"

"मला जायचं नाय," श्रावणी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "मी इथंच बसून राहणार. यांच्या छाताडावर."

आकडा आला सत्त्याण्णव.

व्हरांड्यात जमलेल्या बायकांत एक लाट उठली, कुणी तोंडावर पदर घेतला, कुणी श्रावणीच्या खांद्यावर हात टाकला. कारखाना शंभरावर राहिला होता. आता परवानगी, सुनावणी, सगळं रीतसर लागणार होतं, आणि सुनावणीत वासाची गोष्टही निघणार होती. मंदाकिनीबाईंनी साक्षीदाराची सही केली.

निनाद दारात उभा होता. तो रागावलेला दिसत नव्हता. हिशेबात आपल्याहून हुशार कुणी भेटलं की माणूस बघतो तसा तो बघत होता.

"बाई," तो जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "आमचा एक्याण्णव होता. तुमचा सत्त्याण्णव. काय वापरलंत?"

त्यांनी सहीची पाटी मुलीच्या हातात दिली आणि त्या पाळणाघराकडे चालू लागल्या.

पाचाचा भोंगा झाला. बायका पाळणाघराशी जमल्या, आपापली पोरं उचलून चालत्या झाल्या. पिहू आईला बघून दोन्ही हात वर करून शेवंतीच्या कडेवर उड्या मारत होती. श्रावणीने तिला घेतलं. पोरीने सवयीने डोकं आईच्या गळ्याशी खुपसलं, आणि श्रावणीची मान तिच्या नकळत मागे गेली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मान वाकवून तोंड टाळूपर्यंत नेलं, आणि तिथंच थांबली.

मग ती पोरीला घेऊन मागच्या नळावर गेली. शेवंतीमावशीने विचारलं, "ह्या वेळेला काय? सर्दी होईल तिला." श्रावणीने भांडी घासायचा साबण उचलला. पोरीच्या डोक्यावर चोळला, धुतला, पुन्हा चोळला. पिहू आधी हसली, मग रडायला लागली, मग डोळ्यांत साबण गेला तशी जीव खाऊन ओरडू लागली. श्रावणी वाकून नाक जवळ नेई, बाजूला घेई, आणि परत साबण लावी.

मंदाकिनीबाई पंचा घेऊन शेजारी उभ्या होत्या. "पुरे ग आता," त्या दोनदा म्हणाल्या. श्रावणीने मागे वळून बघितलं नाही, आणि पंचा घ्यायला तिचा हात काही पुढे आला नाही.